सुईमागचे नाव : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

आषाढ-श्रावणात भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यात रोवणीला वेग येतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गुडघाभर चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या बाईची कंबर रात्री सरळ होत नाही. पुढे कापणी येते, मग मळणी. वर्षानुवर्षे साचलेली ही दुखणी कंबर, मान आणि गुडघ्यांत मुक्काम ठोकतात. बिब्बा, शेक, लेप, मालिश आणि अखेर औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, असा हा नेहमीचा प्रवास असतो. या प्रवासात अलीकडच्या काही दशकांत आणखी एका उपायाची भर पडली, ती म्हणजे चीनमधून आलेल्या ॲक्युपंक्चरची. केसासारख्या बारीक सुया टोचून वेदना कमी करणारी ही विद्या भारतात कशी आली, याचा शोध घेऊ लागले की वाट सोलापूरच्या एका तरुण डॉक्टरपाशी येऊन थांबते. त्यांचे नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. स्वतः कोटणीस हे शल्यविशारद होते. सुयांची विद्या त्यांनी भारतात आणली नाही. ती आणायला ते जिवंतच नव्हते. तरीही या विद्येच्या भारतातील इतिहासावर त्यांच्या नावाची मुद्रा उमटली आहे. तसे का झाले, हे त्यांच्या अवघ्या बत्तीस वर्षांच्या आयुष्यातून उलगडते.

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. घरात भावंडे बरीच आणि मिळकत बेताची. शिक्षणासाठी त्यांनी मुंबई गाठली आणि परळच्या गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकीय पदवी मिळवली. शस्त्रक्रियेकडे त्यांचा ओढा होता आणि पुढील पदव्युत्तर शिक्षणाची तयारीही सुरू होती. त्या काळातील हुशार तरुण डॉक्टरसमोर असलेला सरळ मार्ग त्यांच्याही समोर होता. पुढची परीक्षा, मग शहरात दवाखाना, आणि घराला आधार.

त्याच सुमारास, जुलै १९३७ मध्ये, जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. चिनी सैन्याकडे माणसे होती, परंतु जखमींवर उपचार करणारे डॉक्टर अगदी मोजके होते. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. भारत तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. तरीही काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून १९३८ रोजी देशाला आवाहन केले. चीन दिन पाळून निधी गोळा करण्यात आला, सुमारे बावीस हजार रुपये जमले आणि पाच डॉक्टरांचे पथक उभे राहिले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल होते. स्पेनच्या यादवी युद्धात सेवा केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. उपप्रमुख म्हणून नागपूरचे ज्येष्ठ डॉक्टर चोळकर निघाले. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी हे आणखी दोघे, आणि पाचवे सोलापूरचे कोटणीस. नागपूर आणि सोलापूर अशी महाराष्ट्राच्या दोन टोकांची दोन गावे त्या पथकात होती, ही गोष्ट विदर्भातही आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबईहून राजपुताना या बोटीने प्रस्थान ठेवले. त्याच महिन्यात कँटनला उतरल्यानंतर हँकाउ, इचांग, चुंगकिंग असा प्रवास घडला. मागून जपानी फौजा पुढे सरकत होत्या आणि शहरे एकामागून एक पडत होती. चुंगकिंगच्या मुक्कामात पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली. प्रत्येक नावाच्या शेवटी चीन या अर्थाचे हुआ हे अक्षर होते. कोटणीस झाले के दिहुआ, आणि बसू झाले बा सुहुआ. याच काळात कोटणीस यांना वडिलांच्या निधनाची बातमी कळली. घरी परतण्याचा मार्ग मोकळा होता आणि सहकाऱ्यांनीही तसे सुचवले. परंतु हाती घेतलेले काम टाकून परतणे त्यांना मान्य झाले नाही.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. डोंगराच्या पिवळ्या मातीत खोदलेल्या गुहा हेच तेथील रुग्णालय होते. प्रकृतीच्या कारणाने चोळकर आणि मुखर्जी त्या वर्षी मायदेशी परतले. उरलेल्या तिघांनी वर्षअखेरीस आघाडीची वाट धरली. पुढे अटल हेही आजारपणामुळे परतले आणि कोटणीस व बसू असे दोघेच शत्रूच्या पिछाडीला असलेल्या शान्सी-चहार-हेबेई सीमाप्रदेशात शिरले. जपानी ठाण्यांच्या जाळ्यातून, बहुधा रात्रीच्या अंधारात, पायी आणि घोड्यावरून असा तो प्रवास होता.

या सीमाप्रदेशात कोटणीस यांच्या आधी एक परदेशी डॉक्टर काम करून गेला होता. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून यांचे १२ नोव्हेंबर १९३९ रोजी तेथेच निधन झाले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून त्यांच्या रक्तात विष भिनले होते. हातमोज्यांचीही वानवा असलेल्या त्या मुलखात डॉक्टरचे मरण इतके क्षुल्लक कारणाने येत असे. १९४० च्या उत्तरार्धातील मोठ्या लढाईत कोटणीस यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर सलग ७२ तास ते शस्त्रक्रियेच्या टेबलापासून हलले नाहीत. पुढे बसू येनानला परतले आणि कोटणीस सीमाप्रदेशात एकटे भारतीय उरले. जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

हे रुग्णालय म्हणजे मोठी इमारत नव्हे. हेबेई प्रांतातील तांग तालुक्याच्या गेगोंग गावात आणि आसपासच्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या घरांतून विखुरलेल्या खाटा, मातीच्या भिंती, कढईत उकळलेली उपकरणे आणि पुन्हा पुन्हा धुऊन वापरलेली बँडेजे. शत्रू जवळ आल्याची खबर लागली की सारे रुग्णालय स्ट्रेचरवर आणि खेचरांवर लादून डोंगरात हलवायचे. नाकेबंदीमुळे बाहेरून औषधे येणे दुरापास्त होते. अशा वेळी आठव्या मार्ग सेनेच्या आरोग्य विभागाने डोंगरातील वनस्पतींकडे मोर्चा वळवला. स्थानिक जडीबुटीपासून चूर्णे आणि काढे बनवून औषधांची तूट भरून काढण्याचे प्रयत्न झाले. हिवताप, आमांश, खरूज, पोटदुखी, खोकला ही तेथील सैनिकांची आणि गावकऱ्यांची रोजची दुखणी होती. लढाईतील जखमांइतकीच ती माणसाला नामोहरम करत.

चिनी वैद्यकाचा संसार याच रोजच्या दुखण्यांवर उभा होता. शरीराचे तोल सांभाळणे हा त्याचा पाया. काढे, मालिश, सुया आणि मोक्सा ही त्याची साधने. मोक्सा म्हणजे दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीची वाळवलेली पाने जाळून शरीरातील ठरावीक बिंदूंना दिलेला शेक. सुया कोठे आणि कशा टोचाव्यात याचे विवेचन दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत आहे. मात्र एकोणिसाव्या शतकापासून या विद्येला उतरती कळा लागली. १८२२ मध्ये चिनी सम्राटाने राजवैद्यकीय संस्थेतून ॲक्युपंक्चर हद्दपार केले. १९२९ मध्ये तर राष्ट्रवादी सरकारसमोर देशी वैद्यक बंद करण्याचाच प्रस्ताव आला आणि वैद्यांनी त्याविरुद्ध देशभर आवाज उठवला. शिकलेल्यांनी टाकून दिलेली ही विद्या खेड्यांतील वैद्यांनी मात्र जिवंत ठेवली, कारण सुई स्वस्त होती, पुन्हा वापरता येत होती आणि तिला नाकेबंदी अडवू शकत नव्हती.

कोटणीस यांची ओळख या खेड्यांत परकी राहिली नाही. ते चिनी भाषा बोलायला शिकले, लिहायला शिकले आणि रुग्णालयाला जोडलेल्या वैद्यकीय विद्यालयात चिनी भाषेतूनच शस्त्रक्रिया शिकवू लागले. विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक नव्हते, म्हणून त्यांनी ते स्वतः लिहायला घेतले. सामान्य शस्त्रक्रियेवरील पहिला ग्रंथ पूर्ण झाला. दुसरा अर्धवट राहिला. लोक त्यांना आपुलकीने लाओ के म्हणत. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्याच विद्यालयात परिचर्या शिकवणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले गेले; यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी जुलैमध्ये कोटणीस यांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व घेतले होते.

परंतु शरीर साथ सोडत होते. त्यांना अपस्माराचे, म्हणजे लोक ज्याला फेफरे किंवा मिरगी म्हणतात त्या विकाराचे, झटके येऊ लागले होते. झटक्यांचे अंतर कमी होत गेले. उपचारासाठी सुरक्षित ठिकाणी जाण्याचा सल्ला वरिष्ठांनी दिला. त्यांनी तो मानला नाही. अपस्मारावरील फेनिटॉइन हे प्रभावी औषध जगाला नुकतेच, म्हणजे पथक मुंबईहून निघाले त्याच १९३८ साली, ज्ञात झाले होते. वेढ्यातील त्या डोंगरात साधी औषधेही दुर्मीळ होती. अर्धवट राहिलेल्या दुसऱ्या ग्रंथाचे लेखन सुरू असतानाच झटक्यांनी त्यांना गाठले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे गेगोंग गावात त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघे बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

मृत्यूनंतर त्यांची कीर्ती वाढत गेली. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये डॉ. कोटनीस की अमर कहानी हा चित्रपट काढला आणि सोलापूरचा हा डॉक्टर घराघरांत पोहोचला. चीनमध्ये शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मशानभूमीत बेथून यांच्या समाधीजवळ त्यांची समाधी आहे. दोन्ही देशांनी त्यांच्यावर टपाल तिकिटे काढली. सोलापुरातील त्यांच्या घराचे स्मारक झाले. यिनहुआ मात्र वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये निवर्तला. क्वो चिंगलान यांनी पतीच्या मागे सत्तर वर्षे काढली आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

कोटणीस यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १९४४ च्या अखेरीस, पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी जुन्या वैद्यांशी हातमिळवणी करावी, असे धोरण येनानमध्ये जाहीर झाले. १९४५ मध्ये येनानच्या बेथून शांतता रुग्णालयात ॲक्युपंक्चरचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. आधुनिक वैद्यक शिकलेल्या चू लिएन या महिला डॉक्टर तेथेच सुयांकडे वळल्या आणि १९५१ मध्ये नव्या ॲक्युपंक्चरवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रुग्णालयात प्रथमच आलेल्या सुईला आता पाठ्यक्रम, निर्जंतुकीकरण आणि नोंदवही मिळाली. हा बदल पाहायला कोटणीस नव्हते. परंतु त्यांचे सहकारी डॉ. बसू होते.

१९४३ मध्ये भारतात परतलेल्या बसू यांनी जुने नाते तुटू दिले नाही. १९५८ मध्ये चीनला जाऊन त्यांनी ॲक्युपंक्चरचे शिक्षण घेतले आणि १९५९ पासून कलकत्त्यात या पद्धतीने उपचार सुरू केले. भारतातील ॲक्युपंक्चरची सुरुवात येथून मानली जाते. तीनच वर्षांत सीमेवर युद्ध झाले आणि चीनशी संबंधित प्रत्येक गोष्टीकडे संशयाने पाहण्याचा काळ आला. अशा प्रतिकूल काळातही बसू यांनी हे काम चालू ठेवले. १९७० च्या दशकात डॉ. कोटणीस स्मृती समितीचे काम नव्याने उभे राहिले, तेव्हा ॲक्युपंक्चरचे प्रशिक्षण आणि स्वस्त उपचार केंद्रे हाच मित्राच्या स्मृतीला वाहिलेला उपक्रम ठरला. लुधियानात १९७५ पासून कोटणीस यांच्या नावाने ॲक्युपंक्चर रुग्णालय चालू आहे. ज्याने कधी ही विद्या आणली नाही, त्याच्या नावाने ती भारतभर पसरली, ती अशी.

स्मृती जपणे एक आणि उपचाराची पारख करणे दुसरे. कोटणीस स्वतः विज्ञाननिष्ठ डॉक्टर होते. त्यांच्या नावाखाली येणाऱ्या उपचारालाही विज्ञानाचाच निकष लावला पाहिजे. सुई टोचल्याने मज्जातंतू चेतवले जातात आणि शरीरातील नैसर्गिक वेदनाशामके स्रवतात, असे १९७० च्या दशकातील प्रयोगांतून दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ मध्ये ४३ विकारांची यादी प्रसिद्ध केली. मात्र ती प्रामुख्याने अनुभवावर आधारलेली होती, काटेकोर चाचण्यांवर नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने १९९७ मध्ये शस्त्रक्रियेनंतरची व केमोथेरपीनंतरची मळमळ आणि दंतोपचारानंतरची वेदना यांत सुयांचा उपयोग मान्य केला. अर्धशिशी आणि ताणामुळे होणारी डोकेदुखी यांसाठी ब्रिटनच्या मार्गदर्शक संस्थेने २०१२ मध्ये पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत बैठकांची शिफारस केली.

धानाच्या बांधीत वाकणाऱ्या बाईच्या कंबरदुखीबाबत मात्र तज्ज्ञांत एकमत नाही. ब्रिटनच्या त्याच संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे सांगितले. अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये ते औषधाआधी करून पाहण्याजोग्या उपायांत गणले. खरी सुई आणि चाचणीत वापरलेली खोटी सुई यांच्या परिणामांत अनेकदा फारच थोडे अंतर आढळते, हे या मतभेदाचे मूळ आहे. आणि कोटणीस यांचा जीव घेणाऱ्या अपस्मारावर सुयांचा भरवसा धरता येत नाही. उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये तसाच निष्कर्ष काढला. झटके येणाऱ्या रुग्णाची गोळी बंद करून त्याला सुयांवर सोपवणे म्हणजे कोटणीस यांच्या स्मृतीचाच अवमान होय.

चिनी जडीबुटीचीही अशीच दुहेरी कथा आहे. हिवतापावर जुन्या चिनी ग्रंथातील एका वनस्पतीपासून तू यूयू यांनी आर्टेमिसिनिन शोधले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरीकडे, १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी दिलेल्या चिनी वनस्पतींच्या मिश्रणाने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. वनस्पती म्हणजे निर्धोक, हा समज किती महाग पडू शकतो हे त्या घटनेने दाखवून दिले.

कायद्याच्या दृष्टीनेही ही विद्या आता ओसाड वाटेवर नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला आणि केंद्र सरकारने २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. त्यामुळे रुग्णाला नोंदणी विचारण्याचा अधिकार आहे आणि त्याने तो वापरला पाहिजे. सुई प्रत्येक वेळी नवी, पाकीटबंद आणि एकदाच वापरायची असावी. छातीवर किंवा खांद्याच्या वरच्या भागात चुकीच्या खोलीवर गेलेली सुई फुप्फुसाला छेद देऊ शकते, म्हणून हात शिकलेला असावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा बाई गरोदर असेल तर ते आधी सांगितले पाहिजे. पायातील बळ जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, दुखण्याबरोबर ताप येणे किंवा वजन घटणे, अशी लक्षणे असतील तर सुईआधी रुग्णालय गाठले पाहिजे.

गेगोंगच्या मातीच्या घरांत कोटणीस यांनी ज्यांच्यावर उपचार केले, तेही शेतात वाकणारेच लोक होते. त्यांची भाषा शिकून, त्यांच्या घरात राहून आणि हाती असेल त्या साधनाने, पण शिकलेली शिस्त न सोडता, त्यांनी रोग्याची सेवा केली. भंडाऱ्याच्या एखाद्या गावात उद्या कोणी दुखऱ्या कंबरेसाठी सुई घेऊन आला, तर त्याच्याकडून हीच अपेक्षा ठेवावी लागेल. रोग्याविषयी आपुलकी, साधनाविषयी प्रामाणिकपणा आणि जे आपल्या हातून बरे होणार नाही ते स्पष्ट सांगण्याचे धैर्य. हे तिन्ही असेल तरच त्या सुईमागे कोटणीस यांचे नाव शोभून दिसेल.